मिरामारवर हवाई कसरती, दाबोळीवर वाहतूक: पाऊण तासाच्या निर्बंधाचं नियोजन

हवाई कसरतींचा कार्यक्रम जाहीर झाला की विमानतळावर पहिला प्रश्न येतो, "किती वेळ बंद?" उत्तर मिळतं, पाऊण तास. सगळे मान डोलावतात आणि कामाला लागतात. वास्कोत, गोव्याच्या दाबोळी विमानतळाच्या समन्वयाच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय की हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायला हवं ते हे: बंदी उठल्यावर वेळापत्रक जाग्यावर यायला किती वेळ लागेल? ते उत्तर पाऊण तासाच्या कितीतरी पुढे जातं. म्हणून नियोजन उलट्या टोकापासून, म्हणजे पूर्ववत होण्याच्या वेळेपासून सुरू करावं. हा लेख विमानतळाच्या ड्यूटी ऑफिसात, विमान कंपनीच्या नियंत्रण कक्षात किंवा आयोजकांच्या बाजूने समन्वयाला बसणाऱ्यांसाठी आहे.

पूर्ण लेखभर एकच उदाहरण घेऊ. समजा, डिसेंबरातल्या एका रविवारी पणजीजवळच्या मिरामारच्या किनाऱ्यावर दुपारी ४ ते ४:४५ या वेळेत जेट विमानांच्या आणि हेलिकॉप्टरांच्या कसरती ठरल्या आहेत. पर्यटनाचा ऐन हंगाम, चार्टर विमानंही सुरू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या दिवसाचे आकडे तिथे घाला.

आधी नकाशा, मग घड्याळ

मिरामार ते दाबोळी हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६ सागरी मैल. आयोजकांच्या पहिल्या मागणीत बहुधा एक सुबक वर्तुळ असतं: मिरामार केंद्र, ५ सागरी मैल त्रिज्या, जमिनीपासून १०,००० फुटांपर्यंत. नकाशावर ते काढून बघा. वर्तुळाची दक्षिण कड झुआरीचं मुख ओलांडून धावपट्टीपासून जेमतेम मैलभरावर येते. धावपट्टी वर्तुळात नाही, पण व्यवहारात ती बंदच झाली.

मग मागणी तपासायची. वर्तुळच का? किनाऱ्यावर प्रेक्षक पश्चिमेकडे तोंड करून बसणार, कसरतीची रेषा किनाऱ्याला समांतर समुद्रावर असणार. जेट विमानांना वळायला जागा हवी ती मुख्यतः पश्चिमेला आणि उत्तरेला. दक्षिण सीमा दोनापावल-काबो या भूशिराच्या ओळीत थांबवली आणि क्षेत्र समुद्राच्या दिशेने आयताकृती केलं, तर धावपट्टीपर्यंत साधारण ४ मैलांची जागा उरते. तेवढ्याने वाहतूक चालू ठेवता येईल का, हे ठरवण्याचा अधिकार आपला नाही. दाबोळी हा नौदलाच्या आयएनएस हंसाचा तळ आहे, तिथलं हवाई वाहतूक नियंत्रण नौदलाकडे आहे आणि नागरी टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाकडे. सुरक्षेचा निर्णय नियंत्रकांचा आणि कसरती करणाऱ्या तुकडीचा. आपण मात्र आकार, उंची आणि वेळ यांचे पर्याय कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेवू शकतो. पर्याय कोणी मांडलेच नाहीत, तर पहिलं वर्तुळच शेवटपर्यंत टिकतं.

उंचीचंही तसंच. वरची मर्यादा १०,००० फूट मागितली असेल तर ती कोणत्या प्रात्यक्षिकासाठी, हे विचारा. पॅराशूटच्या उड्या असतील तर त्या विमानाला खूप वर जावं लागतं, हेलिकॉप्टरांना अजिबात नाही. कार्यक्रमाचे भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळी मर्यादा मिळाली, तर हेलिकॉप्टरांच्या दहा मिनिटांत एखाद-दुसरं उड्डाण काढता येण्याची शक्यता तपासता येते.

आता वारा. डिसेंबरात दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचं वारं सुटतं, म्हणून बहुधा धावपट्टी २६, म्हणजे धावपट्टीची पश्चिमेकडे जाणारी दिशा, वापरात असते. विमानं पूर्वेकडून, वेर्ण्याच्या बाजूने येतात आणि उड्डाणं समुद्रावर निघतात. मुंबई-दिल्लीकडे जाणारं विमान उडाल्यावर उजवीकडे, उत्तरेला वळलं की थेट कसरतीच्या क्षेत्रात. तेव्हा त्या दिवसासाठी समुद्रावर सरळ पुढे किंवा डावीकडून वळसा घेऊन निघण्याचा मार्ग आधीच ठरवून कंपन्यांना कळवावा लागतो. वळशासाठी जादा इंधन लागतं, ते वैमानिकाला निघताना सांगून उपयोग नाही. आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट: २६ वर उतरताना वैमानिकाने ऐनवेळी उतरणं रद्द करून पुन्हा वर झेप घेतली, तर ते विमानही समुद्रावरच जाणार. शेवटचं विमान चाकं टेकून धावपट्टीवरून बाजूला होईपर्यंत कसरतीची विमानं क्षेत्रात येता कामा नयेत, ते याच कारणाने.

नोटॅम वाचायचा कसा आणि लिहून घ्यायचा कसा

तात्पुरत्या निर्बंधांची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ती नोटॅममधून, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या अधिकृत सूचनेतून, येते. तुम्ही आयोजकांच्या बाजूला असाल तर सात दिवसांवर विसंबू नका. विमान कंपन्यांना वेळा बदलायच्या, प्रवाशांना कळवायचं, चालक दलाच्या पाळ्या जुळवायच्या, तर तीन-चार आठवडे हवेत. पत्रव्यवहार त्याच्याही आधी सुरू व्हावा.

नोटॅममध्ये 'बी' रकान्यात सुरुवात, 'सी' रकान्यात शेवट, 'डी'मध्ये रोजच्या वेळा, 'ई'मध्ये मजकूर, 'एफ' आणि 'जी'मध्ये खालची व वरची उंची असते. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. आपले ४ म्हणजे तिथे १०३०, आपले ४:४५ म्हणजे १११५. सरावासाठी पहाटेची वेळ असेल तर जास्त जपा: पहाटे साडेपाचच्या आधीची वेळ यूटीसीत आदल्या तारखेला पडते. दोन माणसांनी स्वतंत्रपणे वेळ बदलून लिहावी आणि मग ताडून पाहावी. आमच्या पाळीत एकदा एका कागदावर यूटीसी आणि दुसऱ्यावर आपली वेळ, दोन्हीवर फक्त "१०३०" लिहिलेलं होतं. वेळीच लक्षात आलं, पण तेव्हापासून आमच्या टेबलावर नुसता आकडा लिहायला बंदी आहे, पुढे यूटीसी किंवा भाप्रवे (भारतीय प्रमाणवेळ) लिहायचंच.

'डी' रकाना नीट पाहा. 'बी' आणि 'सी' पाच दिवसांचे दिसतात, पण बंदी रोज ठरावीक वेळेचीच असते. प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या आठवड्यात दिल्लीला असंच होतं, रोज सकाळचे दोन-अडीच तास. उलट, सरावाचे दिवस नोटॅममध्ये आहेत ना, हेही तपासा. सरावाला कमी लेखण्याची चूक महागात पडते. १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळूरजवळ येलहंक्याला हवाई दलाच्या सूर्यकिरण तुकडीची दोन हॉक विमानं आदळली ती एअरो इंडिया या हवाई प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, सरावातच. आणि ३ मार्च २०१० ला हैदराबादच्या बेगमपेटला नौदलाच्या सागर पवन तुकडीचं विमान पडलं, दोन वैमानिक गेले. ती तुकडी आपल्या दाबोळीची. त्याआधी १ ऑक्टोबर २००२ ला दाबोळीच्याच आकाशात नौदलाच्या स्क्वाड्रनच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी एकत्र उडणारी तिचीच दोन आयएल-३८ टेहळणी विमानं एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले बाराही जण गेले, जमिनीवरची माणसंही गेली. वास्कोत तो दिवस आठवणारी माणसं अजून आहेत. म्हणून निर्बंधाच्या कडेला दिलेली मिनिटं वाया गेली, असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही.

खरा हिशेब

आता घड्याळ. बंदी ४ ते ४:४५. शेवटचं विमान ३:५२ पर्यंत उतरायला हवं, कारण त्यानंतर धावपट्टी मोकळी करून आकाश रिकामं करायचं आहे. संपल्यावर कसरतीची विमानं दाबोळीलाच उतरणार असतील तर त्यांचा वेळ, मग धावपट्टीची पाहणी: पक्षी, सुटे भाग, दगड. पहिलं नागरी विमान लवकरात लवकर ४:५० ला. म्हणजे धावपट्टी ५८ मिनिटं आपली नाही.

समजा, त्या वेळेत ताशी १४ उतरणं-उडणं ठरलेली आहेत आणि एकाच धावपट्टीची क्षमता ताशी २० आहे. ५८ मिनिटांत साधारण १४ हालचाली मागे पडल्या. बंदी उठल्यावरही नवी विमानं ताशी १४ च्या वेगाने येतच राहणार, म्हणजे थकबाकी फेडायला ताशी फक्त ६ जागा मोकळ्या. १४ ला ६ ने भागा: दोन तास वीस मिनिटं. विमानतळ ४:५० ला उघडला, पण वेळापत्रक रुळावर आलं सात वाजून गेल्यावर.

तीच बंदी ताशी १८ हालचालींच्या वेळेत ठेवली तर? मागे पडल्या १७, फेडायला ताशी फक्त २ जागा. साडेआठ तास. मध्यरात्र उलटून जाईल, त्याच्या आधी चालक दलाच्या कामाच्या वेळा संपतील आणि उड्डाणं रद्द होऊ लागतील. आयोजकांशी वेळेबद्दल बोलायला बसताना हे दोन हिशेब शेजारी-शेजारी मांडून न्या. "चारऐवजी तीन वाजता करा" हे नुसतं तोंडी सांगितलं तर हट्ट वाटतो. हिशेबासकट सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात. सूर्य डोळ्यांवर येतो की नाही, भरती कधी आहे, पाहुणे कधी येणार, या त्यांच्याही अडचणी आहेत, त्या ऐकून घ्या.

थकबाकी आधीच कमी करायची. १४ पैकी चार हालचाली ३:५० च्या आधी ओढता आल्या आणि तीन रात्री नवानंतर ढकलता आल्या, तर उरल्या सात. त्या तासा-सव्वातासात फिटतात.

कोणाला थांबवायचं, कोणाला नाही

इथे बहुतेक नियोजनं फसतात, कारण सगळ्या विमानांना एकाच मापाने मोजलं जातं. दिल्लीहून येणारं विमान अडीच तास आकाशात असतं. त्याला थांबवायचं तर निर्णय तीन तास आधी व्हायला हवा. मुंबईचं विमान तासाभरात पोहोचतं. युरोपातून किंवा रशियातून निघालेलं चार्टर तर सकाळीच उडालेलं असतं, त्याला आपण काहीच सांगू शकत नाही.

म्हणून उघडल्यानंतरच्या पहिल्या तासातल्या जागा अशा भराव्या: लांबची विमानं आधी, पक्क्या वेळेवर. मग दिल्ली, कोलकाता. मुंबई, बंगळूर, हैदराबादची विमानं शेवटी आणि लवचीक. कार्यक्रम दहा मिनिटं लवकर संपला तर मुंबईच्या विमानाला लवकर सोडून रिकामी जागा भरता येते, लांबला तर त्यालाच जमिनीवर थांबवता येतं. मूळ विमानतळावरून सुटण्याच्या वेळा ठरवून देण्याची देशपातळीवरची व्यवस्था आहे, दिल्लीतून चालणारी. तिला आपला तक्ता दोन-तीन दिवस आधी द्यावा आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा.

जमिनीवर थांबलेलं विमान आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानापेक्षा केव्हाही बरं. एअरबस ए-३२० घिरट्या घालताना तासाला दोन ते अडीच टन इंधन जाळतं. एक फेरी साधारण चार मिनिटांची. विमानं एकावर एक हजार फुटांच्या अंतराने थांबवतात, आणि सर्वांत वरच्याला खाली येईपर्यंत प्रत्येकाची वाट पाहावी लागते. माझा नियम: नियोजनात एका वेळी तीनपेक्षा जास्त विमानं घिरट्यांसाठी धरायची नाहीत आणि कोणालाही २० मिनिटांवर नाही. जेट विमानाकडे शेवटची राखीव म्हणून ३० मिनिटांचं इंधन असलंच पाहिजे, ते आपल्या नियोजनात खर्ची घालायचं नसतं. घिरट्यांची जागा जमिनीच्या बाजूला किंवा दक्षिणेला असावी, समुद्रावर मिरामारसमोर नाही.

पर्यायी विमानतळ: उत्तर गोव्यात पेडण्यातला मोपा सर्वांत जवळ, म्हणून सगळ्यांच्या कागदावर मोपाच लिहिलेला असतो. दाबोळी ते मोपा सरळ रेषेत २० सागरी मैलांच्या आसपास. पण मोपालाही स्वतःची रविवारची गर्दी असते, आणि पाच विमानं एकदम तिथे वळली तर उभी कुठे करणार? आधी फोन करून विचारा: या दोन तासांत किती जागा मोकळ्या, इंधनाचे टँकर किती, जिना लावायला माणसं किती. बेळगाव, हुबळी, मंगळूर यांच्याबद्दलही हेच विचारून ठेवा. प्रवाशांना मोपाहून वास्कोला आणायच्या बसगाड्यांना पेडण्याहून येताना पणजीच्या गर्दीतून यावं लागेल, ती गर्दी कसरती पाहायला आलेल्यांचीच असेल.

उभं राहायला जागा

बंदीच्या आधी विमानं ओढून घेतली की एक नवी अडचण तयार होते. ३:१५ ते ३:५२ या वेळेत पाच विमानं उतरली. पाऊण तासात ती परत निघायला तयार, पण निघू शकत नाहीत. मग ४:५० ला पहिलं विमान उतरतं आणि त्याला थांबायला जागाच नाही. ते टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे ये-जा करायच्या रस्त्यावर, उभं राहतं, त्यामुळे निघणारी विमानंही अडतात.

म्हणून उघडल्यावर पहिल्या तीन-चार जागा उडणाऱ्या विमानांना द्या, मगच एक उतरणं, एक उडणं असा क्रम लावा. हा क्रम आधी कागदावर आणि नियंत्रकांच्या संमतीने ठरलेला असावा. निघणाऱ्या विमानांत प्रवासी किती वाजता बसवायचे, तेही ठरवा. आम्ही एकदा फार लवकर बसवले. कार्यक्रम लांबला, उन्हात उभ्या विमानात लहान मुलं रडत होती, एका वयस्क बाईंना चक्कर आली. त्यानंतर मी एकच नियम पाळला: कसरतीची शेवटची तुकडी आकाशात आली, हे टॉवरवरून कळल्याशिवाय बोर्डिंग सुरू करायचं नाही. त्यात पाच मिनिटं गेली तरी चालतील.

त्या दिवशी

नियंत्रण कक्षात कसरतीच्या तुकडीचा एक माणूस बसलेला असावा, हातात तुकडीशी बोलायचा रेडिओ आणि समोर नियंत्रक. फोनवरून निरोप पोहोचवणं पुरेसं नाही. कार्यक्रम थांबवायचा शब्द आधी ठरवा, सगळ्यांना एकच माहीत असावा. आणि सरावाच्या दिवशी तो खरोखर वापरून पाहा: शब्द उच्चारल्यापासून क्षेत्र रिकामं व्हायला किती मिनिटं लागली? कसरतीची विमानं कुठे, किती उंचीवर जाऊन थांबली? तो आकडा मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. इंधन संपत आलेलं विमान, रुग्ण घेऊन येणारं विमान, समुद्रात शोधकार्याला निघालेलं हेलिकॉप्टर, यांतलं काही आलं तर नियंत्रकाला त्याच आकड्यावर निर्णय घ्यावा लागतो. कसरतीच्या विमानांकडेही इंधन मोजकंच असतं, त्यांना अनिश्चित काळ थांबवता येत नाही. तेव्हा ती कुठे उतरणार, हेही त्याच कागदावर हवं.

कार्यक्रम संपला, असं कोणी किनाऱ्यावरून कळवलं तर त्यावर विमान सोडू नका. लोकांना संपलेला दिसतो तो कार्यक्रम. आपल्यासाठी तो संपतो शेवटचं विमान उतरल्यावर किंवा क्षेत्र सोडून गेल्यावर, आणि ते नियंत्रकाने सांगितल्यावर. लवकर संपला तर निर्बंध रद्द झाल्याचा नोटॅम निघू द्या, मगच कंपन्यांना नव्या वेळा द्या. मी स्वतः एकदा अर्धवट निरोपावर दोन कंपन्यांना "दहा मिनिटांत उघडतंय" असं सांगून बसलो होतो. उघडायला पंचवीस मिनिटं लागली, आणि मुंबईहून लवकर सोडलेलं एक विमान त्यामुळे घिरट्या घालत राहिलं. त्या वैमानिकाचा आवाज शांत होता, पण इंधनाचा आकडा त्याने दोनदा सांगितला.

आकाशात फक्त मोठी विमानंच नसतात. कळंगुट-बागाचे पॅरासेलिंगवाले, ड्रोनने लग्नाचं चित्रीकरण करणारे, किनाऱ्यावर आकाशकंदील सोडणारे, यांना नोटॅम कळत नाही. पंचायत, पोलीस आणि पर्यटन खात्यामार्फत मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत साधी सूचना आठवडाभर आधी गेली पाहिजे. समुद्रात मासेमारीसाठी जाणाऱ्या नौकांनाही.

आणि रस्ता. मिरामारला हजारो लोक जमले की पणजीहून झुआरी पुलाकडे येणारी वाहतूक कोंडते. संध्याकाळी ६ चं विमान असलेल्या प्रवाशाने उत्तर गोव्यातून दुपारी दोनच्या आधी निघावं, असं कंपन्यांनी संदेशातून स्पष्ट वेळ देऊन कळवावं. "वेळेआधी निघा" याला कोणी दाद देत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनाचं प्रात्यक्षिक तारकर्लीला झालं, तेव्हा शेजारचं सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ आणि मालवणचे अरुंद रस्ते हाच विषय सगळ्यांच्या तोंडी होता.

नंतर

रात्री वेळापत्रक पूर्ववत झालं की घरी जायच्या आधी एक पान भरा. शेवटचं विमान प्रत्यक्षात किती वाजता उतरलं, पहिलं किती वाजता उडालं, किती विमानं घिरट्या घालत थांबली, सर्वांत जास्त कोण थांबलं, कोण मोपाला वळलं, शेवटची थकबाकी किती वाजता फिटली. सरावाच्या दिवशीचंही असंच पान हवं, म्हणजे मुख्य दिवशीचा ५८ चा आकडा अंदाजावर राहात नाही. आमच्याकडे सरावाच्या दिवशी पाहणीला पाचऐवजी नऊ मिनिटं लागली होती, कारण घारी उठल्या होत्या. मुख्य दिवशी आम्ही पक्षी हाकलणाऱ्या दोन गाड्या ४:३० लाच धावपट्टीच्या दोन्ही टोकांना उभ्या केल्या, आणि पहिलं उड्डाण ४:४९ ला झालं.